रात्री कोण उठतं?

माझ्याकडे एक निळी फाइल आहे. तिच्यात बासष्ट कागद आहेत. शासननिर्णय, योजनांची माहितीपत्रकं, कायद्याची प्रत, वर्तमानपत्रांतली कात्रणं, संस्थांचे पत्ते. २०२१ साली आईला अर्धांगवायूचा झटका आला, तेव्हापासून ही फाइल जमत गेली. संशोधन हा माझा पोटापाण्याचा धंदा नाही. विद्यापीठाची त्यातली पदवीही नाही. नोकरी सांभाळून आमच्या भागातले जुने कागद धुंडाळत वीस-बावीस वर्षं गेली, मोडी स्वतःची स्वतः शिकलो. त्यामुळे अडचण आली की आधी कागद गोळा करायचे, ही सवय हाडीमाशी खिळलेली.

झटक्यानंतर आईची उजवी बाजू गेली. पुढे हळूहळू स्मरणही जाऊ लागलं. दोन वर्षांपूर्वी तिला घेऊन आम्ही नवरा-बायको डॉक्टरांकडे गेलो होतो. डॉक्टरांनी विचारलं, "काय त्रास होतोय?" मी फाइल उघडू लागलो, तोवर पत्नी म्हणाली, "आईंचं आहे तसंच आहे, डॉक्टर. मला झोप हवी आहे."

डॉक्टरांनी फाइलकडे पाहिलंही नाही. माझ्याकडे वळून म्हणाले, "रात्री कोण उठतं?"

या प्रश्नाचा कागद माझ्या फायलीत नव्हता. उत्तर मात्र तिघांनाही ठाऊक होतं. मी आईसाठी मदत शोधत होतो असं मला वाटत होतं. प्रत्यक्षात काम पत्नी करत होती आणि मी माहिती गोळा करत होतो. वृद्धांना घरी सांभाळणाऱ्यांना आपल्याकडे कुठली मदत मिळते, कुठली मिळत नाही आणि ती शोधायची कशी, याचा नव्याने अभ्यास मी त्या दिवसानंतर सुरू केला. त्यातून हाती लागलं ते इथे मांडतो.

शब्द सापडेना

जुन्या कागदांची सवय असल्यामुळे मी सुरुवात शब्दांपासून केली. आपल्याकडे या कामाला 'सेवा' म्हणतात, 'शुश्रूषा' म्हणतात. शुश्रूषा हा शब्द 'श्रु' म्हणजे ऐकणे या धातूपासून आला आहे. त्याचा मूळ अर्थ ऐकण्याची इच्छा. आजाऱ्याजवळ बसणाऱ्याचं निम्मं काम ऐकण्याचंच असतं, हे आमच्या पूर्वजांना कळलं होतं. पण हे काम करणाऱ्या माणसाला काय म्हणायचं? 'काळजीवाहू' असा एक शब्द आहे, तो आपण राजीनामा दिलेल्या सरकारसाठी राखून ठेवला आहे. काळजीवाहू सरकारने नवं काही ठरवायचं नसतं, रोजचा कारभार तेवढा ओढायचा असतो. घरातल्या काळजीवाहू बाईचंही तेच. फक्त तिच्या जागी नवं सरकार येत नाही.

शब्दाचा हा प्रश्न मला पोकळ पांडित्याचा वाटत नाही. ज्या कामाला आपण फक्त सेवा म्हणतो त्यात पुण्य असतं, पण रजा नसते. सेवेचे तास मोजले तर मोजणाऱ्यालाच लाज वाटते. पुंडलिकाने आईवडिलांच्या सेवेत खंड पडू नये म्हणून दारी आलेल्या देवाला विटेवर उभं केलं, ही कथा आपल्या रक्तात आहे. पण पुंडलिक पाय चेपत बसला होता तेव्हा चूल कोण पाहत होतं, धुणं कोण धूत होतं, हे कथा सांगत नाही. सेवा करणारा म्हणून नाव पुंडलिकाचं राहिलं. आमच्या घरातही "आईची सेवा करतो हो" असं नातेवाईक माझ्याबद्दलच म्हणत.

१९८० साली अमेरिकेत स्टीव्हन झारिट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांना सांभाळणाऱ्यांसाठी एक प्रश्नावली तयार केली. आज तिचं २२ प्रश्नांचं रूप जगभर वापरलं जातं. रुग्णाला कसं वाटतं हे ती विचारत नाही. स्वतःसाठी वेळ उरत नाही असं वाटतं का, रुग्णाजवळ असताना राग येतो का, आपली तब्येत बिघडली असं वाटतं का, असे तिचे प्रश्न आहेत. ते मी मराठी करून पत्नीला वाचून दाखवले. चौथ्या-पाचव्या प्रश्नाला ती म्हणाली, "अहो, हे सगळं विचारायला त्यांना वेळ मिळाला, यातच आलं सगळं." मी कागद मिटला आणि वही घेतली.

सात दिवसांची वही

वहीत सात दिवस मी एवढंच लिहिलं: काय काम, किती वाजता, कोणी केलं, किती वेळ लागला. दर दोन तासांनी कूस बदलणं, नाहीतर पाठीला जखमा होतात. डायपर बदलणं, अंग पुसणं, भरवणं, औषधं, चादरी. आई एक घास तोंडात धरून बसते, म्हणून भरवायलाच पाऊण तास लागतो. शिवाय "माझी पेटी कोणी नेली?" या प्रश्नाला दिवसातून वीस वेळा तितक्याच शांतपणे उत्तर देणं. हे कामात धरायचं की नाही, यावर आमचा थोडा वाद झाला. धरलं.

सात दिवसांनी बेरीज केली. पत्नीचे दिवसाला सरासरी नऊ तास. माझा सव्वा तास, त्यातही औषधं आणायला जाण्याचा वेळ धरून. रात्रीच्या सतरा जागरणांपैकी सोळा तिची. सतरावं माझं, कारण त्या रात्री ती तापाने पडली होती.

आमचं घर काही वेगळं नाही. केंद्रीय सांख्यिकी खात्याच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात १५ ते ५९ वयाच्या ४१ टक्के स्त्रिया घरातल्यांची काळजी घेण्याचं विनामोबदला काम करताना आढळल्या. पुरुष होते २१.४ टक्के. असं काम करणाऱ्या स्त्रीचे त्यात दिवसाला सुमारे १४० मिनिटं जातात, पुरुषाची ७४. यात मुलांचा सांभाळही धरलेला आहे. दुसरीकडे, २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात साठीपुढची माणसं ९.९ टक्के होती. देशाचा आकडा ८.६ होता, म्हणजे आपलं राज्य तेव्हाच सरासरीहून वयस्क होतं. देवनारच्या लोकसंख्याविज्ञान संस्थेच्या मोठ्या वार्धक्य-पाहणीला जोडून स्मृतिभ्रंशाचा अभ्यास झाला. त्यावरून भारतात साठीपुढच्या ७.४ टक्के लोकांना, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसांना हा विकार असावा, असा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. यातल्या बहुतेकांच्या घरी रात्री कोणीतरी उठत असणार.

वही पूर्ण झाल्यावर मी निळ्या फायलीतले बासष्ट कागद पुन्हा लावले. चार कप्पे केले: पैसा, उपचार, वस्तू आणि कागदपत्रं, आणि चौथा, तास. पहिले तीन कप्पे भरले. चौथ्यात दोन कागद पडले.

पैसा आणि कायदा

पहिल्या कप्प्यात सर्वांत जुनी ओळखीची योजना 'श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन'. ६५ वर्षांवरील निराधार वृद्धांना, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१ हजार रुपयांच्या आत असेल तर, महिना दीड हजार रुपये मिळतात. अर्ज तहसील कार्यालयातल्या संजय गांधी योजनेच्या शाखेत करायचा. २०२४ पासून 'मुख्यमंत्री वयोश्री योजना' आहे. ६५ वर्षांवरील आणि दोन लाखांच्या आत उत्पन्न असलेल्यांना चष्मा, श्रवणयंत्र, काठी, कमोड खुर्ची अशा साधनांसाठी एकदाच तीन हजार रुपये थेट खात्यात येतात. एसटीत ६५ ते ७५ वयाला अर्धं तिकीट आहे, पंचाहत्तरीनंतर प्रवास मोफत. या सवलतींचा मला आदर आहे. पण चालत्या-फिरत्या म्हाताऱ्यासाठी आपण जितका विचार केला, तितका खाटेवरच्या म्हाताऱ्यासाठी केलेला नाही, हे त्या कप्प्यातले कागद एकावर एक ठेवले की दिसतं.

कायदा आहे तो २००७ चा, आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाह आणि कल्याणाचा. मुलं सांभाळत नसतील तर साठीपुढचे आईवडील प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे अर्ज करू शकतात. अर्ज साध्या कागदावर चालतो. नोटीस बजावल्यापासून ९० दिवसांत निकाल द्यायचा आहे, फार तर आणखी ३० दिवस. निर्वाहाची रक्कम महिना दहा हजारांपर्यंत. सांभाळण्याच्या अटीवर घर नावावर करून दिलं आणि मुलाने अट मोडली, तर कलम २३ प्रमाणे ते हस्तांतर रद्द होऊ शकतं. मात्र ही अट बक्षीसपत्रात स्पष्ट लिहून ठेवावी. ती नसेल तर काय होतं, हे २०२२ मधल्या सर्वोच्च न्यायालयाच्या एका निकालाने दाखवलं आहे. त्यात अट सिद्ध न झाल्यामुळे आईची मागणी टिकली नाही.

हा कायदा वाचताना माझं लक्ष व्याख्येवर अडलं. 'मुलं' या शब्दात मुलगा, मुलगी, नातू, नात आहेत. सून नाही. २०१९ साली लोकसभेत आलेल्या दुरुस्ती विधेयकात सून-जावई यांचा समावेश होता. घरी जाऊन सेवा देणाऱ्या संस्थांची नोंदणी व्हावी, अशीही तरतूद होती. ते विधेयक मंजूर झालं नाही. सुनेवर कायद्याने आणखी जबाबदारी टाकावी असं माझं म्हणणं नाही. ती तर तिने केव्हाच घेतलेली आहे. माझं म्हणणं असं की जी व्यक्ती दिवसाला नऊ तास हे काम करते, ती या कायद्याला ना कर्तव्यात दिसते ना हक्कात. केंद्र सरकारच्या सेवेतल्या स्त्रीला बालसंगोपनासाठी संपूर्ण नोकरीत ७३० दिवसांची रजा मिळते. सासू-सासऱ्यांसाठी किंवा आईवडिलांसाठी तशी वेगळी रजा नाही, साठवलेली अर्जित रजाच मोडायची.

उपचार सोळाव्या दिवसापर्यंत

दुसऱ्या कप्प्यातला महत्त्वाचा कागद 'आयुष्मान वय वंदना' कार्डाचा. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरी ओलांडलेल्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, वर्षाला कुटुंबामागे पाच लाख रुपयांपर्यंतचे उपचार नोंदणीकृत रुग्णालयांत मोफत आहेत. हे कार्ड ज्यांनी अजून काढलं नसेल त्यांनी हा अंक खाली ठेवून आधी ते काढावं. आधार कार्ड पुरतं.

पण हे संरक्षण रुग्णालयात दाखल झालेल्यांसाठी आहे. त्यात दाखल होण्याआधीचे तीन दिवस आणि घरी सोडल्यानंतरचे पंधरा दिवस येतात. सोळाव्या दिवसापासून घर सुरू होतं. घरी येणारा फिजिओथेरपिस्ट, रात्रीची आया, डायपर, नाकातली नळी बदलायला येणारी नर्स, यांतलं काहीच त्यात बसत नाही. जपानने २००० साली आणि जर्मनीने १९९५ साली दीर्घकालीन देखभालीचा सक्तीचा विमा सुरू केला. तिथे या सोळाव्या दिवसानंतरच्या काळाचा हिशेब वेगळा मांडलेला आहे. आपल्याकडे तो कुटुंबाच्या खात्यावर जातो, आणि कुटुंबात एका व्यक्तीच्या.

वस्तू आणि कागदपत्रं

तिसऱ्या कप्प्याने मला सर्वांत जास्त शिकवलं, कारण त्यातल्या गोष्टी सहज मिळण्यासारख्या असूनही मला उशिरा कळल्या. आईसाठी डोकं-पाय वर करता येणारी खाट आणि हवेची गादी मी विकत घेतली. ती खरेदी झाल्यावर शेजारच्या गल्लीतले एक निवृत्त मास्तर म्हणाले, "अहो, आमच्या संघाकडे तीन खाटा पडून आहेत." महाराष्ट्रातल्या लहान-मोठ्या गावांत सेवाभावी संस्था, ज्येष्ठ नागरिक संघ, कुठे कुठे गणेश मंडळंसुद्धा 'रुग्णोपयोगी साहित्य केंद्र' चालवतात. खाट, चाकाची खुर्ची, वॉकर, कमोड खुर्ची, कधी प्राणवायूचं यंत्रही अनामत ठेवून नाममात्र भाड्याने मिळतं. त्यांची एकत्र यादी कुठेही नाही. औषधाच्या दुकानात विचारावं, ग्रंथालयात विचारावं, ज्येष्ठ नागरिक संघाच्या कट्ट्यावर विचारावं.

कागदपत्रांचं तसंच. वडील प्राथमिक शिक्षक होते, त्यांचं कुटुंब निवृत्तिवेतन आईला मिळतं. दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतो. पहिली दोन वर्षं मी आईला रिक्षात घालून बँकेत नेलं. दोघांनी धरून पायऱ्या चढवल्या. तिथे यंत्रावर अंगठा उमटेना, कारण आयुष्यभर भांडी घासून रेषा पुसल्या गेलेल्या. तिसऱ्या वर्षी कळलं की पोस्टमन घरी येऊन डिजिटल दाखला घेतो, आणि अंगठा उमटत नसेल तर चेहऱ्यावरूनही ओळख पटवता येते. सत्तरीपुढच्या आणि आजारी खातेदारांना बँकेने घरपोच सेवा देण्याचा प्रयत्न करावा, असं रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्येच बँकांना सांगितलं होतं. त्या दोन नोव्हेंबरांत आईला झालेल्या यातना माझ्या अज्ञानाच्या होत्या. काउंटरवर कोणी आपणहून सांगितलं नाही हे खरं, पण मी विचारलंही नव्हतं.

आणखी एक गोष्ट वेळ असताना करावी. पुष्कळजण मुखत्यारपत्र करून निर्धास्त होतात. पण आपल्या करार कायद्याप्रमाणे, मुखत्यारपत्र देणाऱ्याचं मानसिक भान गेलं की ते पत्रही निरुपयोगी होतं. म्हणजे गरज लागते नेमक्या त्याच वेळी ते संपतं. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णासाठी पालक नेमण्याचा सरळ-सोपा कायदा नाही, उच्च न्यायालयात जावं लागतं. म्हणून आईवडिलांचं मन शाबूत असतानाच त्यांच्या इच्छेने खातं संयुक्त करावं, दोघांपैकी कोणालाही व्यवहार करता येईल असं. नामनिर्देशन तपासावं, मृत्युपत्र करावं. हे बोलणं अशुभ नाही. आमच्या घरी ते वेळेत झालं नाही, म्हणून सांगतो.

चौथा कप्पा

आता तासांकडे येतो. त्या कप्प्यात पडलेल्या दोन कागदांतला पहिला एका ब्यूरोचं कार्ड होता.

शहरांत आया किंवा 'मावशी' पुरवणारे ब्यूरो असतात, बारा तासांच्या किंवा चोवीस तासांच्या पाळीने. ज्या घरांना परवडतं त्यांच्यासाठी हा पहिला आधार. ठरवताना काही गोष्टी तोंडी न ठेवता लिहून घ्याव्यात: रुग्णाला उचलण्याची सवय आहे का, रात्री जागायचं की हाक मारली तर उठायचं, साप्ताहिक सुट्टी कोणती, त्या दिवशी बदली कोण, ब्यूरोचं कमिशन किती आणि बाईच्या हातात किती पडतात. शेवटचा प्रश्न आगाऊपणाचा वाटेल. पण आमच्याकडे आलेल्या पहिल्या मावशी तीन आठवड्यांत सोडून गेल्या, तेव्हा कारण तेच निघालं. शिवाय त्यांची स्वतःची आई गावी अंथरुणाला खिळलेली होती. आमच्या आईची कूस बदलणाऱ्या बाईच्या आईची कूस कोण बदलत होतं, हे विचारायला मला सुचलं ते त्या गेल्यावर.

दुसरा कागद इंग्रजीत होता. शब्दकोश शेजारी ठेवून तो मी चार रात्री वाचला. तो आपल्या शेजारच्या गोव्यातला आहे. अमित डायस, विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे स्मृतिभ्रंशाचे रुग्ण असलेल्या ८१ कुटुंबांवर एक प्रयोग केला. २००८ साली तो 'प्लॉस वन' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. चिठ्ठी टाकावी तशी कुटुंबांची दोन गटांत वाटणी केली. एका गटाच्या घरी गृह-सल्लागार नियमित जात. हे सल्लागार डॉक्टर नव्हते, नर्स नव्हते. स्थानिक भाषा जाणणारी, थोडक्या दिवसांचं प्रशिक्षण घेतलेली साधी माणसं होती. ती घरी बसत, आजार समजावून देत, रुग्ण चिडला तर काय करावं ते सांगत, कुटुंबातल्या इतरांना कामात ओढत, सरकारी योजनांची वाट दाखवत. गरज पडली तर मानसोपचारतज्ज्ञ पाठीशी होते. सहा महिन्यांनी पाहिलं तेव्हा रुग्णांच्या वागण्यात किंवा क्षमतेत निर्विवाद म्हणावा असा फरक सिद्ध झाला नाही. पण सांभाळणाऱ्यांचं मानसिक आरोग्य दुसऱ्या गटापेक्षा स्पष्टपणे सुधारलं होतं.

हा निष्कर्ष मी दोनदा वाचला. तोवर मी आईत सुधारणा शोधत होतो आणि ती दिसत नाही म्हणून निराश होत होतो. रुग्णात बदल होवो न होवो, सांभाळणाऱ्यात तो घडवता येतो, आणि त्यासाठी महागडं काही लागत नाही. पंधरवड्यातून एकदा दारात येणारा आणि "तुम्ही कशा आहात?" असं विचारणारा माणूस लागतो.

केरळने हे गावपातळीवर केलं आहे. १९९३ साली कोळिकोडला सुरू झालेल्या वेदनाशमन केंद्राच्या कामातून पुढे मलप्पुरम जिल्ह्यात शेजाऱ्यांची जाळी उभी राहिली. प्रशिक्षण घेतलेले शेजारी खाटेवरच्या रुग्णाच्या घरी ठरल्या दिवशी जातात. २००८ मध्ये केरळने त्याचं धोरण केलं आणि स्थानिक स्वराज्य संस्थांना त्यात जोडलं. आपल्याकडे सुटी सुटी कामं आहेत, पण ती नीट शोधावी लागतात. कर्करुग्णांसाठी मुंबईत १९८६ पासून शांती आवेदना सदन आहे, पुण्यात वारजेला सिप्लाचं केंद्र आहे. पुण्यात कंपवाताच्या रुग्णांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी पार्किन्सन्स मित्रमंडळ हा स्वमदत गट आहे. काही वृद्धाश्रम आठ-पंधरा दिवसांसाठी रुग्ण ठेवून घेतात. चौकशी करताना "अल्पकाळासाठी ठेवता का, आणि रात्री जागं कोण असतं?" हे दोन्ही विचारावं.

फोनवरची मदत दोन ठिकाणी. १४५६७ हा ज्येष्ठांसाठीचा राष्ट्रीय मदत क्रमांक सकाळी आठ ते रात्री आठ चालतो. योजना, कायदा, छळाची तक्रार, सगळ्यासाठी. आणि १४४१६ हा 'टेलिमानस' चोवीस तास, मराठीतही. तो फक्त रुग्णासाठी आहे असं समजू नये. सांभाळणाऱ्याला रात्री तीन वाजता रडू आवरेनासं झालं, तर तो त्याच्यासाठीही आहे.

आमच्या घरी काय झालं

वही मी कोल्हापूरच्या बहिणीला दाखवली. आधी तिला राग आला. "मी काय करत नाही असं लिहिलंयस का?" तिच्या नावापुढे फोनची वीस मिनिटं होती. मी म्हटलं, "ताई, माझ्या नावापुढे काय लिहिलंय ते बघ." ती गप्प झाली. मग तिने स्वतःच पेन मागितलं आणि महिन्यातल्या दोन शनिवार-रविवारांवर आपलं नाव घातलं. इतकी वर्षं "काही लागलं तर सांग" असं ती मनापासून म्हणत होती, आणि "काही नाही गं" असं आम्हीही मनापासून म्हणत होतो. कुठल्या दिवशी, किती ते किती, काय काम, हे कागदावर आल्याशिवाय मदत मागताही येत नाही आणि देताही येत नाही.

संघाचे मास्तर गुरुवारी दुपारी तीन ते पाच येतात. ते आईला काही करत नाहीत, फक्त जवळ बसून वर्तमानपत्र वाचून दाखवतात. तिला कळतं की नाही, माहीत नाही. पण पेटी कोणी नेली हे ती त्यांना विचारते आणि ते दर वेळी "बघतो हं, वहिनी" म्हणतात. त्या दोन तासांत पत्नी पहिले कित्येक गुरुवार फक्त झोपली. मग एकदा मैत्रिणीकडे गेली. परत आली तेव्हा आईशी तिचा आवाज वेगळा होता, हे मी ऐकलं.

रात्रींची वाटणी आम्ही केली आहे. सोमवार, बुधवार, शुक्रवार माझे. सुरुवातीला मला डायपर धड लावता येत नव्हता, चादर दोनदा बदलावी लागे. आता येतो. पहाटे तीनला आईची कूस बदलताना तिचं वजन हातावर पेलावं लागतं, तेव्हा पत्नीच्या पाठदुखीचा अर्थ कळतो. बासष्ट कागदांतून तो कळला नव्हता.

निळी फाइल मी फेकली नाही. तिच्यातलं कार्ड, कायदा, क्रमांक सगळे उपयोगी आहेत, आणि वाचकांनी ते वापरावेत म्हणूनच इथे सविस्तर दिले. पण आता तिच्या वर ती वही ठेवलेली असते. मदत शोधणाऱ्याने आधी वही करावी आणि मग फाइल, हा क्रम मी उलटा केला आणि त्याची किंमत दुसऱ्या कोणी तरी दोन वर्षं मोजली.

भाऊबीजेला घरोघरी भावंडं जमतील. फराळ झाल्यावर, आईवडील आतल्या खोलीत झोपले असतील तेव्हा, कोणीतरी एकाने हा प्रश्न विचारावा: रात्री कोण उठतं? ज्या व्यक्तीकडे सगळ्यांचे डोळे वळतील, तिच्या हातात आधी पेन द्यावं, आणि पुढच्या महिन्याचं कॅलेंडर मधे ठेवावं.